सोळा पॅनेल विझवल्यावर : कोल्हापुरातल्या एका हॉटेलच्या उजेडाचं प्रकरण

पहिल्या दिवशी मी त्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जेवले. मी प्रकाशयोजनाकार, पण आपण कोण ते सांगितलं नव्हतं. मटण ताट मागवलं, वाट्या आल्या, आणि तांबडा रस्सा तपकिरी दिसला. चव अव्वल होती, पण डोळ्यांना तो कालचा उरलेला वाटत होता. शेजारच्या वाटीतला पांढरा रस्सा निळसर, पातळ ताकासारखा. वर पाहिलं तर बरोबर डोक्यावर दोन बाय दोनचं पांढरंशुभ्र एलईडी पॅनेल. टेबल काळ्या ग्रॅनाइटचं, घासून लख्ख केलेलं. त्यामुळे वरचं पॅनेल खालीही होतं, ताटाच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात. जेवताना सारखं कुणीतरी आरसा चमकवतंय असं वाटत राहिलं. अकरा मिनिटांत उठले. समोरचं कुटुंब माझ्या आधी उठलं होतं.

हॉटेल आपल्याकडे असतं तसंच. खाली जेवणाचा हॉल, वर दोन मजल्यांवर बावीस खोल्यांचं लॉज. आबांनी खाणावळ म्हणून सुरू केलेलं, आता मुलगा आणि सून बघतात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी, एमआयडीसीत मशीन बसवायला आलेले इंजिनियर, अशी येणारी माणसं. मला बोलावलं होतं सुनेनं. तिचं म्हणणं नेमकं होतं : "जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. पण खाल्लं की उठतात. दुसरी भाकरी मागवत नाहीत, सोलकढी मागवत नाहीत. आणि फोटो टाकतात ते इतके वाईट येतात की बघवत नाहीत. सगळे म्हणतात, वातावरण नाही."

‘वातावरण पाहिजे’ हे वाक्य मी या धंद्यात हजारदा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. इथं तीन होती. सुनेला पुण्यातल्या कॅफेसारखे लोंबते पिवळे बल्ब हवे होते. मुलाला छताच्या कडेनं रंग बदलणारी पट्टी हवी होती, निळा-जांभळा, रिमोटवर. आबांना काहीच नको होतं, फार तर मधोमध एक झुंबर.

हॉल साधारण छत्तीस बाय अठ्ठावीस फूट, पीओपीचं छत नऊ फुटांवर. छतात छत्तीस वॉटची सोळा पॅनेल, कडेला जुन्या चार एलईडी ट्यूब. रंग ६५०० केल्विन, म्हणजे बाजारात ज्याला ‘कूल डेलाइट’ म्हणतात तो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप : आकडा मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळा. संध्याकाळी साडेसातला मीटर घेऊन फिरले. टेबलावर सव्वातीनशे लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं हे माप), मधल्या वाटेवर तीनशे दहा, आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या फरशीवर तीनशे चाळीस. हॉलमधली सगळ्यात उजळ जागा कुठली, तर जिथून पोऱ्या खरकटी ताटं घेऊन आत जातो ती. भिंतींवर मात्र शंभर-सव्वाशे. एका भिंतीवर आबांच्या वडिलांचे तालमीतले फोटो होते, गदा खांद्यावर घेतलेले, फेटा बांधलेले, एका रांगेत दहा. काचेवर पॅनेलचे चौकोन उमटल्यामुळे त्यातला एकही पैलवान धड दिसत नव्हता.

उजेड कमी नव्हता. उलट बँकेत कारकुनाला पुरेल इतका होता. पण तो सगळीकडे सारखा होता, आणि सारख्या उजेडात डोळ्याला कुठं टेकायचं ते कळत नाही. खोली उजळ आहे की अंधारी हे डोळा फरशीवरून ठरवत नाही. बसलेल्या माणसाच्या समोर भिंत असते, माणसं असतात, त्यावरून ठरवतो. पॅनेलचा बहुतेक उजेड खाली जातो आणि फरशी धुऊन काढतो. म्हणून सव्वातीनशे लक्स असूनही हॉल वरून दाबल्यासारखा आणि भिंती मळकट वाटत होत्या.

आबांनी केलेला प्रयोग

माझ्याआधी आबांनी स्वतः एक उपाय करून बघितला होता. कुणीतरी सांगितलं, मोठ्या हॉटेलात उजेड मंद असतो. आबांनी एक आड एक पॅनेल बंद केलं. आठवडाभर चाललं. मग एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "आबा, कुणाचं काही झालंय का घरात?" त्याच रात्री सगळी पॅनेल परत लागली, आणि मंद उजेडाचं नाव काढायचं नाही असं ठरलं.

हा किस्सा ऐकून सगळे हसले, पण माझ्या कामाचा अर्धा भाग त्यातच होता. १९४१ साली फिलिप्समध्ये काम करणाऱ्या क्रुइटहॉफ या डच शास्त्रज्ञानं एक आलेख मांडला होता : उजेड जितका कमी, तितका तो उबदार रंगाचा हवा, नाहीतर माणसाला गार आणि उदास वाटतं. पुढच्या प्रयोगांत तो आलेख काटेकोरपणे टिकला नाही. पण त्याचं हे एक टोक कुठल्याही हॉटेलात पडताळून बघता येतं. ६५०० केल्विनचा भरपूर उजेड म्हणजे दुपारचं ढगाळ आभाळ. तोच उजेड अर्धा केला की पहाटेचं इस्पितळ. आजवर कमी उजेड आपण पाहिला तो समईचा, कंदिलाचा, चुलीचा, मावळतीचा, आणि हे सगळे पिवळे-तांबडे. मेणबत्तीची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते, जुना साठचा बल्ब २७०० च्या. आबांनी उजेड कमी केला, रंग तोच ठेवला, आणि हॉटेलावर सुतक आलं.

दुसरी भीती याहून खरी होती. आबा म्हणाले, "मॅडम, लाइट कमी केली की बार वाटतोय. फॅमिली दारातनंच मागं फिरती." बाहेरच्या डिझायनरला हे वाक्य कळणार नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि त्याच्या पोटातून आलेली ‘परमिट रूम’ महाराष्ट्राच्या प्रत्येक रस्त्यावर आहे : काळी काच, आत लाल किंवा निळा अंधार, दारात पडदा. त्याच्या उलट ‘फॅमिली रूम’ म्हणजे ट्यूबलाइटांचा लखलखाट. आपल्याकडे उजेड हीच पाटी असते. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतंय, म्हणजे बायकामुलांना घेऊन जायला हरकत नाही. मंद दिव्यांची सगळी पाठ्यपुस्तकं इथं थांबतात. त्यात दिवेलागणीला घर अंधारं ठेवायचं नाही, हे आबांच्या हाडात मुरलेलं. गल्ल्यामागच्या अंबाबाईच्या तसबिरीपुढचा लाल झीरोचा बल्ब चाळीस वर्षांत विझला नसेल. मुलाची निळी-जांभळी पट्टी मी याच कारणासाठी पहिल्या बैठकीत बाद केली. तो थोडा नाराज झाला, पण बापाचा मुद्दा त्याला खोडता येईना.

दोन वाट्या, तीन दिवे

नकाशा दाखवून कुणाचं मन वळत नाही. म्हणून एका दुपारी चार वाजता पडदे ओढून हॉल अंधारा केला, एका टेबलावर पांढरा कागद पसरला आणि स्टँडवर तीन दिवे लावले. पहिला त्यांच्याच पॅनेलचा तुकडा. दुसरा बाजारातला साधा ३००० केल्विनचा, रंगदर्शकता (म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ८० वाला. तिसरा ३००० केल्विनचाच, पण रंगदर्शकता ९० च्या वर. स्वयंपाकघरातून मावशींना बोलावलं आणि तांबड्याची न् पांढऱ्याची वाटी मांडायला सांगितली.

पहिल्या दिव्याखाली मावशी म्हणाल्या, "हे शिळं दिसतंय." दुसऱ्याखाली : "बरं हाय, पर मिरची कमी पडल्यागत." तिसरा लावला तेव्हा काही बोलल्याच नाहीत. वाकून वाटीत बघितलं आणि पळीनं तवंग थोडा बाजूला सारला. तेलाच्या कडेला जो केशरी काठ येतो, तो आत्तापर्यंत दिसलाच नव्हता. खाली रस्सा गडद लाल, वर तवंग केशरी, मधे कोथिंबिरीची दोन पानं खरोखरची हिरवी. "हां. माझा रस्सा हाय ह्यो."

यात जादू काही नाही. रंगदर्शकतेचा जो आकडा खोक्यावर छापतात, तो आठ फिक्या नमुना-रंगांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, तो त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे खोक्यावर ८० लिहिलेल्या दिव्याची लाल दाखवायची कुवत शून्याच्या आसपास, कधी शून्याच्याही खाली असू शकते. कापडाच्या दुकानात हे चालून जात असेल. ज्या हॉटेलाची कमाईच लाल रंगावर आहे तिथं चालत नाही. खरेदीच्या यादीत मी एकच अट जाड अक्षरात लिहिली : आर-नऊ, म्हणजे या नवव्या नमुन्याचा आकडा, पन्नासच्या वर.

पांढऱ्या रश्श्याचा प्रश्न सुनेनं काढला आणि तो बरोबर होता. पिवळ्या उजेडात पांढरा रस्सा पिवळा नाही का दिसणार? दिसतो, पण एकाच परिस्थितीत : नजरेच्या टप्प्यात दुसरा पांढरा दिवा असेल तर. सगळी खोली एकाच उबदार रंगात असली की डोळा दोन-चार मिनिटांत जुळवून घेतो आणि पांढरं ते पांढरंच दिसतं, घरी बल्बखाली दूधभात पिवळा दिसायचा नाही तसंच. घोटाळा होतो तो सरमिसळीनं. आधी पिवळे दिवे लावायचे आणि ‘थोडं कमी पडतंय’ म्हणून कोपऱ्यात एक पांढरी ट्यूब ठेवायची, हा आपल्याकडचा सार्वत्रिक रिवाज. मग पिवळं आजारी दिसतं आणि पांढरं भुताटकीचं. कुठलाही एक रंग चालेल, दोन नकोत. हॉलभर ३००० केल्विन ठरलं. २७०० मला आवडलं असतं, पण बारची शंका तिथून सुरू होते.

किरणोत्सव

मग अडलं ते मांडणीवर. मी म्हणत होते, सोळा पॅनेल काढायची, टेबलागणिक एक छोटा झोत, फोटोंच्या भिंतीवर झोत, छताच्या कडेनं मंद पट्टी, आणि मधली वाट जवळजवळ तशीच सोडायची. आबांना ते पटेना. पैसे उजेडाचे द्यायचे आणि अंधार विकत घ्यायचा? अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी १९५० च्या दशकात उजेडाची तीन कामं सांगितली आहेत : सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, एका जागेवर नजर नेणारा झोत, आणि चकाकी. मी ते आपलं नेहमीचं व्याख्यान दिलं. आबांनी ते नम्रपणे ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत बसले.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "म्हंजे किरणोत्सवागत म्हणा की."

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. अख्खं गाव त्या काही मिनिटांसाठी देवळात उभं असतं. एक तिरीप, ठरलेल्या कोनातून, ठरलेल्या जागी. दुपारी बाराला अंगणात याच्या कितीतरी पट ऊन असतं आणि तिकडं कुणी मान वर करून बघत नाही. "गाभारा अंधारा हाय म्हणून किरण दिसतंय," आबा म्हणाले, आणि काम सुरू झालं. त्यानंतर कोन चुकला की वायरमनला तेच ओरडायचे, "पायावर न्हाई, मुखावर घे रं!"

मुख म्हणजे अर्थात जेवणाऱ्याचं. छतातला झोत खुर्चीवर आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते, आणि चांगलं माणूस खलनायक दिसतं. म्हणून झोत टेबलाच्या बरोबर मध्यावर घ्यायचा आणि चेहऱ्याला उजेड टेबलावरून उसळून द्यायचा. छतापासून टेबल दोन मीटर खाली. चोवीस अंशांचा झोत तिथं पंचाऐंशी सेंटिमीटरचं वर्तुळ पाडतो, चार ताटं त्यात अर्धीअधिक बसतात. अठराशे कँडेलाचा (कँडेला म्हणजे झोताच्या जोराचं माप) दिवा, भागिले अंतराचा वर्ग म्हणजे चार, म्हणजे साडेचारशे लक्स. तो तिसऱ्या हिश्श्यावर आणला की दीडशे. तेवढ्यात मेनूकार्ड आबांनाही वाचता येतं. हे मुद्दाम तपासलं, कारण साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि तिशीतले डिझायनर आपल्या डोळ्यांनी दिवे लावून मोकळे होतात.

पण काळा ग्रॅनाइट काहीच उसळू देईना. तो उजेड गिळतो, आणि गिळला नाही तर आरशासारखा परत फेकतो. टेबलं बदलायचा खर्च कुणालाच नको होता. शेवटी फिक्या रंगाचे जाड सुती टेबलमॅट आणले, इचलकरंजीतून, सुनेच्या माहेरच्या ओळखीनं. एवढ्यानं चेहरे उजळले. या प्रकरणातला सगळ्यात चांगला दिवा कुठला असं कुणी विचारलं तर मी ते टेबलमॅट दाखवते.

स्टीलच्या ताटाचं गणित वेगळं. सपाट ताटात दिवा दिसतो तो आरशाच्या नियमानं : बरोबर वरचा झोत परत वर जातो, बसलेल्याच्या डोळ्यांत जात नाही. पण टेबलाच्या थोडा पलीकडे लावलेला दिवा ताटात उतरतो आणि थेट तोंडावर येतो. दोन टेबलं चार इंच सरकलेली होती, तिथं हा त्रास झाला, म्हणून जमिनीवर खुणा करून टेबलं पक्की केली. ताटाच्या आणि वाटीच्या वळलेल्या काठावर मात्र एक बारीक चमक राहतेच. ती राहू दिली. केलींची तिसरी गोष्ट, चकाकी, झुंबराविना आली. आबांना मी तेच सांगितलं : झुंबर ताटात आहे.

फोटोंच्या भिंतीसाठी दिवे भिंतीपासून सव्वादोन फुटांवर घेतले, म्हणजे उजेड साधारण तीस अंशांनी उतरतो. काचेवरची चमक खाली फरशीकडे जाते, फोटो बघणाऱ्याकडे नाही. वायरमननं पहिला दिवा लावला आणि आबा उठून फोटोपाशी गेले. वडिलांच्या लंगोटाची गाठ, मागं उभ्या पोरांचे चेहरे, भिंतीवरचा मारुती. बराच वेळ उभे होते. त्यातलं एक पोरगं ते स्वतः होते म्हणे, हे सुनेलाही नवीन होतं.

जे बिघडलं

छताच्या पट्टीनं दगा दिला. एकाच दुकानातून दोन वेळा आणलेली ‘वॉर्म व्हाइट’ गुंडाळी, पण पहिली गुलाबीकडे झुकलेली, दुसरी हिरवटकडे. जोड नेमका दारासमोर आला. बाजारात वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० पासून ३२०० पर्यंत काहीही असतं, आणि एकाच आकड्याच्या दोन बॅचाही जुळतीलच असं नाही. सगळी गुंडाळी एका बॅचची, एका वेळी घ्यायची, हे मला माहीत होतं. लिहून द्यायचं राहिलं. पट्टी काठाला अगदी चिकटून बसवल्यामुळे छतावर चाकूनं कापल्यासारखी रेघही पडली होती. दोन्ही कारणांनी ती उतरवून पुन्हा केली, आतल्या बाजूला हात-दीड हात सरकवून. तो खर्च निम्मा मी सोसला.

डिमरचं, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचं, प्रकरण त्याहून चिवट. खरेदीत कुणीतरी स्वस्तात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे डबे, आणले, मंद न होणारे. पूर्ण उजेडावर सगळं ठीक. खाली आणलं की गुणगुण आणि थरथर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभरदा लपलपतो. डोळ्याला ते धड दिसत नाही, पण अर्ध्या तासात डोकं जड होतं, आणि मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. जिची मूळ तक्रार फोटोंची होती तिच्या हॉटेलात हे! तेव्हापासून मी प्रत्येक नमुना दिवा मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनवर बघते. ड्रायव्हर बदलले.

तिसरी चूक पूर्णपणे माझी. फॅमिलीच्या बाजूला जाताना एक पायरी आहे. सव्वातीनशे लक्समध्ये ती दिसत होती. वाट वीस-पंचवीस लक्सवर आली आणि पायरी गायब झाली. दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांचा तोल गेला, नातवानं धरलं म्हणून पडले नाहीत. त्या रात्री फोन आला आणि मला झोप लागली नाही. आता पायरीच्या नाकाखाली घोट्याच्या उंचीवर छोटा दिवा आहे, कुठल्याही बटणाला न बांधलेला, कायम चालू.

बटण कोण दाबतं

दीड महिन्यानं न सांगता गेले. रात्रीचे साडेआठ, आणि हॉल दुपारसारखा लखलखीत. साफसफाईसाठी मागं ठेवलेली सहा पॅनेलसुद्धा चालू. गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, तो म्हणाला, "गिर्‍हाईक कमी दिसलं की सगळं लावायचं, आबांनी सांगितलंय. न्हाईतर बंद वाटतंय." त्याचं खरं होतं. मी आतून हॉल सजवला होता, रस्त्यावरून कधी पाहिलाच नव्हता. पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. काचेच्या दारातून दिसत होती ती मधली वाट, आणि वाट मीच अंधारी ठेवली होती.

उपाय सोपा निघाला. दारातून सरळ रेषेत जी मागची भिंत दिसते, ती उजळवली. आधी तिथं कॅलेंडर आणि पाण्याचा कूलर होता. कूलर हलवला, भिंतीला हळदीकडे झुकणारा रंग दिला आणि वरून तीन झोत सोडले. दाराजवळच्या दोन टेबलांचे झोत थोडे वाढवले, म्हणजे रस्त्यावरून आधी जेवणारी माणसं दिसतात. कुटुंबाला कुटुंब दिसलं की बारची शंका संपते. आबांची भीती उजेडाच्या प्रमाणाची नव्हतीच, आत कोण बसलंय ते दिसत नाही याची होती. हे मला पहिल्या बैठकीत कळायला हवं होतं.

मग बटणं. आधी फळीवर चौदा स्विच होते. ते कुलपाच्या पेटीत गेले आणि बाहेर चारच राहिले, नावं मराठीत : दुपार, दिवेलागण, रात्र, आवराआवर. ‘आवराआवर’ला किल्ली, ती सुनेकडे. कोल्हापुरात सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, त्यामुळे घड्याळी टायमर लावला नाही. अंबाबाईपुढं संध्याकाळची उदबत्ती लावताना आबाच ‘दिवेलागण’ दाबतात. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की आधी सगळं पूर्ण उजेडावर यायचं, आता शेवटचं बटण लक्षात ठेवलं जातं. आपल्या भाषेत लाइट म्हणजे वीजही आणि दिवाही, त्यामुळे ही अडचण वायरमनला समजावताना आमचा अर्धा तास ‘कुठली लाइट?’ यातच गेला.

वरच्या बावीस खोल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधोमध ट्यूब होती ती काढली, पलंगाच्या दोन्ही बाजूंना २७०० केल्विनचे दिवे दिले, आणि सगळं बंद करणारं एक बटण उशीपाशी आणलं. रात्री उठून दारापर्यंत जायचं आणि अंधारात परत पलंग शोधायचा हा लॉजचा जुना जाच त्यानं संपला. न्हाणीघरात आरशावरचा एक दिवा काढून दोन्ही बाजूंना उभे दोन लावले. दाढी करणाऱ्याच्या हनुवटीखाली सावली पडत नाही. जिन्याच्या आणि बाहेर पडायच्या वाटेच्या उजेडाला हात लावला नाही.

विजेचं म्हणाल तर हॉलचा भार साडेसहाशे वॉटवरून पावणेतीनशेच्या आत आला, मंद केल्यावर आणखी खाली. आठ तासांत तीन-साडेतीन युनिट वाचतात. एसीच्या बिलापुढं ते काहीच नाही, आणि या कारणासाठी कुणी प्रकाशयोजना करून घेऊ नये. सुनेच्या वहीत दुसरी नोंद आहे : रात्रीच्या बिलांवर आता सोलकढी दिसते. लोक बसतात.

त्यातून नवीन तक्रार निघाली. रविवारी दुपारी दाराबाहेर रांग, आणि आतले उठेनात. आबांनी फोन करून विचारलं, "मॅडम, उठवायची लाइट असती का?" असते. रविवारसाठी ‘दुपार’ची पातळी वाढवली, झोत आणि पट्टी दोन्ही पूर्ण. ताटं पुन्हा भराभर फिरायला लागली. ज्या गुणासाठी मला बोलावलं होतं, तोच आठवड्यातून एक दिवस मी पैसे घेऊन काढून टाकला.

एक हार मात्र नोंदवायला हवी. हॉलच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आहे आणि त्याच्यावर ६५०० केल्विनची ट्यूब. शेजारच्या दोन टेबलांवर तिचा निळसर उजेड सांडतो, तिथला पांढरा रस्सा पिवळा दिसतो, आणि ती टेबलं सगळ्यात शेवटी भरतात. मी तीनदा सांगितलं. आबांचं उत्तर ठरलेलं : हात धुतल्यावर स्वच्छ झाल्यागत दिसायला पाहिजे. मधे एक लाकडी जाळी उभी करू दिली त्यांनी, तेवढ्यानं थोडं थोपलं. ट्यूब आहे तिथंच आहे.